कोटाची प्रदक्षिणा

काशीस किंवा नाशकास जाऊन आलेल्या कोणाही यात्रेकरूस क्षेत्रोपाध्ये हें प्रकरण नवें नाहीं. गाडी स्टेशनांत थांबते न थांबते तोंच आपलें गांव, गोत्र आणि आजोबांचें नांव विचारून ते आपला ताबा घेतात, आणि मग दोन दिवस आपण त्यांच्या मागून चालावयाचें. ते ज्या पायरीपाशीं थांबतील तेथें थांबावयाचें, ज्या पिंपळाकडे बोट दाखवितील त्याला हात जोडावयाचे, आणि ते सांगतील ती कथा खरी मानावयाची. कथा खरी कीं खोटी हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं, कारण स्थलमाहात्म्य हें इतिहासाच्या न्यायासनापुढें साक्ष द्यावयास आलेलेंच नसतें. अलीकडे हाच परिपाठ मोठमोठ्या शहरांतून सुरू झाला आहे. विलायतेंत तो जुना आहे. मुंबईंतहि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तो चांगला रुळला आहे. फरक इतकाच कीं येथें यात्रेकरू सुशिक्षित असतात, उपाध्याय पदवीधर असतात, आणि दक्षिणा आगाऊ घेतली जाते.

आमच्या पुतणीनें अशा एका रविवारच्या फेरींत आम्हां उभयतांचीं, तिचें स्वतःचें आणि तिच्या वडिलांचें अशीं चार नांवें परस्पर घालून टाकलीं तेव्हां पहिला विरोध झाला तो तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दादांचा. दादा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. "मुंबईंत मला वाटाड्या? छत्तीस वर्षें मीं फोर्टांत नोकरी केली. डोळे बांधून सोडा, चर्चगेटापासून माझ्या टेबलापर्यंत बिनचूक जाऊन दाखवितों!" आमच्या वहिनी गुडघ्यांमुळें येणार नव्हत्या. त्या आंतून म्हणाल्या, "टेबलापर्यंतच जाल. त्यापलीकडचें तुम्हांला काय ठाऊक?" या एका वाक्यानें दादा निघाले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

फोर्टाला जुन्या मुंबईकरांच्या तोंडीं 'कोट' हा शब्द होता, आणि तो अगदीं यथार्थ होता. कंपनी सरकारनें अठराव्या शतकाच्या आरंभीं या भागाभोंवतीं तट उभारला व त्याला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे ठेविले. पुढें शत्रूचें भय उरलें नाहीं आणि वस्ती मात्र कोंदटून गेली, म्हणून सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असतांना, म्हणजे १८६२ नंतरच्या कांहीं वर्षांत, तो पाडून टाकण्यांत आला. आज त्यांपैकीं चर्चगेटाचें नांव रोज लाखों लोक तिकिटाच्या खिडकीशीं घेतात, पण तें गेट कोठें होतें असें विचारलें तर शंभरांत एकालाहि सांगतां यावयाचें नाहीं. आम्हांलाहि सांगतां आलें नसतें.

याच सुमारास, १८६३ सालीं, गोविंद नारायण माडगांवकर यांनीं 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. मुंबई शहरावर मराठींत लिहिलेलें हें पहिलें पुस्तक. शहराच्या देवळांपासून गिरण्यांपर्यंत त्यांनीं सर्व कांहीं टिपून ठेविलें; तट नाहींसा होत असतां तटाच्या आंतली मुंबई एक मराठी माणूस कागदावर उतरवीत होता, हा योग आम्हांस फार मोठा वाटतो. त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर निघावयास २००८ साल उजाडावें लागलें, आणि तें निघाल्यावर आपल्यांपैकीं कित्येकांनीं मूळ मराठी पुस्तकाची प्रथम चौकशी केली. आम्हीहि त्यांतलेच. तें पुस्तक आम्हीं त्या रविवारीं मोठ्या हौसेनें पिशवींत घालून नेलें, आणि न उघडतां परत आणलें.

सकाळीं सात वाजतां टाउन हॉलच्या तीस पायऱ्यांपाशीं मंडळी जमली. वीस-एक जण असतील. कांहीं कॉलेजांतील मुलें, एक गुजराथी कुटुंब, दोन परदेशी पाहुणे आणि आम्ही. आमच्या उपाध्यायीणबाई म्हणजे पंचविशीची एक तरतरीत मुलगी, खांद्याला पिशवी, कमरेला लहानसा ध्वनिवर्धक. ती इंग्रजींत बोले, मध्येंच हिंदींत शिरे, आणि आमच्याकडे दृष्टि गेली म्हणजे एखादें वाक्य मराठींत टाकी. तिचा आवाज गोड होता आणि तिला आपल्या विषयाची गोडी होती, हें येथेंच सांगून ठेवितों, कारण पुढें आम्हांला तिची एक चूक सांगावयाची आहे.

टाउन हॉल १८३३ सालीं पुरा झाला. सर जेम्स मॅकिंटॉश यांनीं १८०४ सालीं स्थापिलेली विद्वत्सभा, म्हणजेच आजची एशियाटिक सोसायटी, पुढें या वास्तूंत आली. इतक्या सकाळीं दार बंद होतें, त्यामुळें आंतील गव्हर्नरांच्या संगमरवरी पुतळ्यांच्या पंक्तींत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे ही गोष्ट आम्हांस ऐकूनच समाधान मानावें लागलें. समोरच्या वर्तुळाकार बागेला बी. जी. हॉर्निमन यांचें नांव आहे. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे हे इंग्रज संपादक हिंदी लोकांची बाजू घेतात म्हणून सरकारनें त्यांना १९१९ सालीं देशाबाहेर घालविलें. गव्हर्नर एल्फिन्स्टनचें नांव काढून तेथें दुसऱ्या एका इंग्रजाचें नांव घालावें आणि त्यांत सर्वांस आनंद वाटावा, असें उदाहरण विरळा.

सेंट थॉमस कॅथीड्रलचा पाया जेरल्ड ऑन्जियर यानें १६७६ सालीं घातला, पण इमारत चाळीस वर्षें अर्धवट पडून राहिली आणि १७१८ च्या नाताळांत उघडली. आमच्या घरच्या मंडळींना, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, यांतून भलताच दिलासा मिळाला, कारण आमच्या गांवच्या घराची पडवी अद्याप अकराच वर्षें रखडली आहे. याच देवळावरून कोटाच्या एका दरवाजाला चर्चगेट हें नांव पडलें, आणि शहरांतील मैलांचे दगड याच देवळापासून मोजून बसविलेले होते. मुंबईंत चालावयास येथूनच आरंभ करणें हें एका अर्थीं शास्त्रोक्त होय.

तेथून आम्ही हुतात्मा चौकांत आलों. चर्चगेट हा दरवाजा उभा होता तो या जागीं. तो पाडल्यावर १८६४ सालीं येथें फ्लोराचें कारंजें बसविण्यांत आलें. फ्लोरा ही रोमन लोकांची पुष्पदेवता. नॉर्मन शॉ यांनीं कारंज्याची आंखणी केली, जेम्स फोर्साइथ यांनीं मूर्ति घडविली, दगड विलायतेहून पोर्टलंडचा आणला, आणि मूळ बेत भायखळ्याच्या राणीच्या बागेंत तें बसविण्याचा होता. हें सर्व आमच्या बाईंनीं फार रसाळपणें सांगितलें. देवीच्या हातांतील फुलें, पायथ्याचे मासे, सर्व झालें. मग शेजारच्या स्मारकाकडे हात करून त्या म्हणाल्या, "आणि हें संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचें स्मारक. आतां आपण हायकोर्टाकडे वळूं." मंडळी वळली.

दादा वळले नाहींत. ते खालीं वांकले होते आणि बुटांच्या नाड्या सोडीत होते. वयाप्रमाणें त्यांना वांकणें सोपें नाहीं, आणि आदल्या रात्रीं 'चालावयाचें आहे' म्हणून वहिनींनीं त्यांना नाड्यांचे बूट घालावयास लाविलें होतें. गांठ कांहीं केल्या सुटेना. पुतणी मदतीला धांवली तर त्यांनीं हातानेंच तिला थांबविलें. सारी मंडळी उभी राहिली. "आजोबा, बूट चावतो का?" असें त्या मुलीनें काळजीनें विचारलें. दादा म्हणाले, "नाहीं. येथें आमच्या घराण्याची बूट काढण्याची रीत आहे."

एकोणीसशें पंचावन्नच्या २१ नोव्हेंबरची हकीकत आम्हांला घरांत तुटक तुटक ऐकून माहीत होती, पण दादांच्या तोंडून ती सलग अशी आम्हींहि त्या दिवशीं प्रथमच ऐकिली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक विधानसभेकडे निघाले होते. पोलिसांनीं त्यांना याच परिसरांत अडविलें, अश्रुधूर सोडला, आणि नंतर गोळीबार केला. त्या एका दिवशीं पंधरा माणसें गेलीं. आंदोलन संपेपर्यंत हा आंकडा शंभरावर गेला, आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें. हें इतिहासांत आहे. इतिहासांत नाहीं तें असें, कीं आमचे वडील या चौकाजवळच्या एका कचेरींत कारकून होते. तो सोमवार होता. रोज साडेसहाच्या ट्रामनें घरीं येणारा माणूस आठ वाजले, नऊ वाजले तरी गिरगांवच्या चाळींत आला नाहीं. दादा तेव्हां नऊ वर्षांचे. आईनें तुळशीपुढचा दिवा दोनदां तेल घालून तेवत ठेविला, आणि दादांना गॅलरींत उभें केलें. दहाच्या सुमारास वडील चालत आले. कोट मळलेला, टोपी जाग्यावर, आणि एका पायांत वहाण नाहीं. त्या पायाला उपरणें गुंडाळलेलें. ते कोणाशीं बोलले नाहींत. न्हाणीघरांत जाऊन त्यांनीं डोक्यावरून पाणी घेतलें. आपल्याकडे कोणत्या प्रसंगीं असें स्नान करितात, हें नऊ वर्षांच्या मुलालाहि कळत होतें.

"पुढें जन्मांत त्यांनीं त्या दिवसाविषयीं एक शब्द काढला नाहीं," दादा म्हणाले. "पण स्मारक झाल्यावर येथून जातांना ते दोन्ही वहाणा काढीत, हात जोडीत, आणि मग पुढें जात. ट्राम गेल्या, बस आल्या, तरी रीत चालू होती. मी नोकरीला लागलों तेव्हां पहिल्या दिवशीं मला येथें आणून त्यांनीं वहाणा काढावयास सांगितल्या. कां, तें सांगितलें नाहीं."

गांठ शेवटीं सुटली. दादांनीं बूट काढले, हात जोडले, आणि तितक्याच सावकाश बूट घातले. या सगळ्याला दहा-बारा मिनिटें लागलीं असतील. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार यांची ती मूर्ति आम्हींहि यापूर्वीं शेंकडों वेळां बसच्या खिडकींतून पाहिली होती. गुजराथी कुटुंबांतील आजींनीं आपल्या चपला केव्हां काढल्या तें आम्हांस कळलें नाहीं. निघतांना मात्र त्या घालीत होत्या.

हायकोर्टाविषयीं विशेष लिहिण्याचें कारण नाहीं. तें पाहण्यापेक्षां न पाहावें लागणें हें बरें, असें आमच्याकडे म्हणतात. पण त्यालगतच्या विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालीं आमच्या दादांची जी फजीती झाली ती सांगितली पाहिजे. हा मनोरा प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरांच्या मोठ्या व्यापाऱ्यानें दोन लाख रुपये देऊन बांधविला, आणि त्याला आपल्या आईचें नांव दिलें. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते स्वतः मुंबईस कधीं आलेच नाहींत. १८६९ सालीं काम सुरू झालें, १८७८ सालीं पुरें झालें, उंची २८० फूट. राजाबाई अंध होत्या आणि जैन आचाराप्रमाणें सूर्यास्तापूर्वीं जेवीत, त्यांना वेळ कळावी म्हणून मुलानें घंटेची सोय केली, अशी कथा आमच्या बाईंनीं सांगितली. ती खरी असेल नसेल. आईसाठीं बांधलेल्या मनोऱ्याला अशी कथा चिकटली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

बाईंनीं मग विचारलें, "मनोऱ्यावर माणसांचे पुतळे आहेत. कोणीं पाहिले आहेत?" सर्वांनीं माना वर केल्या. दादा पाहतच राहिले. खरोखरच वर, कोपऱ्याकोपऱ्यांतून, पागोटीं घातलेलीं, अंगरखे घातलेलीं पुरुषभर उंचीहून मोठीं माणसें उभीं होतीं. पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातीजमातींचीं तीं चित्रें आहेत. "छत्तीस वर्षें!" दादा पुटपुटले. "छत्तीस वर्षें मीं या मनोऱ्याकडे रोज सकाळीं पाहिलें आहे." आम्हीं विचारलें, मग पुतळे दिसले कसे नाहींत? त्यांनीं प्रांजळपणें उत्तर दिलें, "मीं मनोरा नाहीं पाहिला. घड्याळ पाहिलें. लेटमार्क लागतो कीं नाहीं तेवढेंच."

हें ऐकून हंसलों खरें, पण हंसतां हंसतां मनांत कांहींतरी लागलें. आपल्या लोकांच्या दोन-तीन पिढ्या या कोटांत आल्या आणि गेल्या. सकाळीं डबा घेऊन यावयाचें, मस्टरवर सही करावयाची, संध्याकाळीं ५-४० ची गाडी गांठावयाची. या इमारतींच्या सावलींतून त्यांनीं आयुष्य काढलें, आणि मान वर केली ती केवळ घड्याळापुरती. त्या पुतळ्यांचे नमुने ज्यांनीं तयार केले ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र, सरकारी खात्यांतील असिस्टंट इंजिनियर. हें नांव त्या सकाळीं कोणीं घेतलें नाहीं. आम्हीं जुन्या एका वर्णनांत वाचलें होतें, म्हणून दादांच्या कानांत सांगितलें. त्यांनीं एवढेंच विचारलें, "आपला?" आम्हीं म्हटलें, "नांवावरून तरी तसें दिसतें."

काळ्या घोड्याच्या चौकांत घोडा आहे तो २०१७ सालचा, आणि त्यावर स्वार नाहीं. मूळ घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढें झालेले सातवे एडवर्ड, बसलेले होते. १९६५ सालीं तो पुतळा तेथून हालवून भायखळ्याच्या बागेंत नेला. राजा गेला, घोडाहि गेला, आणि नांव मात्र घोड्याचें राहिलें. समोरची वॉटसन हॉटेलची लोखंडी सांगाड्याची इमारत एके काळीं मुंबईची शान होती. सांगाडा विलायतेंत ओतून जहाजांतून आणलेला, हॉटेल उघडलें १८७१ सालीं. येथेंच ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविण्यांत आलीं. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांनीं मुंबईंतील एका कुस्तीचें चित्रण केलें. आजची तिची जीर्ण अवस्था पाहून जीव हळहळतो. याच हॉटेलांत जमशेटजी टाटा यांना गोरे नव्हेत म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या अपमानापोटीं त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, अशी प्रसिद्ध कथा आम्हांस येथें ऐकावयास मिळाली. या कथेला भक्कम आधार सांपडत नाहीं, असें अभ्यासकांचें मत आहे. तरी ती एक वेळ चालेल. गोऱ्यांच्या हॉटेलांतून हिंदी माणसांना मज्जाव असे ही गोष्ट कांहीं खोटी नव्हे.

खरा प्रसंग पुढेंच होता. अपोलो बंदरावर पोहोंचलों तेव्हां साडेनऊ होत आले होते आणि उन्हाचा चटका बसूं लागला होता. एका बाजूला जॉर्ज विटेट यांनीं आंखलेलें, १९२४ सालीं खुलें झालेलें गेटवे. त्याच्याच कमानींतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं गोऱ्या फौजेची अखेरची तुकडी निघून गेली. दुसऱ्या बाजूला ताजमहाल हॉटेल. आमच्या बाई ताजकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि आवाज खालीं आणून म्हणाल्या, "या इमारतीचें एक रहस्य आहे. ती उलटी बांधली गेली! विलायती शिल्पकार आराखडा पाठवून मायदेशीं गेला होता. परत येऊन पाहतो तों समोरची बाजू मागें आणि मागची समोर. त्यानें वरच्या मजल्यावरून उडी टाकून जीव दिला." मंडळींच्या तोंडून "अरेरे!" निघालें. परदेशी पाहुण्यांनीं वर पाहून चित्रें टिपलीं. कोणत्या खिडकींतून, हें एका मुलानें विचारलें.

ही कथा आम्हीं पूर्वीहि ऐकिली होती आणि ती खोटी आहे हेंहि आम्हांस ठाऊक होतें. ताजचा आराखडा कोणा विलायती गृहस्थाचा नव्हता. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा यांनीं तो तयार केला. हे सीताराम खंडेराव म्हणजे बोरीबंदरचें स्टेशन बांधतांना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखालीं असिस्टंट इंजिनियर असलेले गृहस्थ. ताजचें काम चाललें असतांनाच ते वारले, आत्महत्येनें नव्हे, आणि मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरानें तें तडीस नेलें. कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी. आंतील प्रसिद्ध जिना त्यांच्या कल्पनेंतला. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. मुख्य प्रवेश पश्चिमेकडे, शहराच्या अंगाला होता, कारण पाहुण्यांच्या गाड्या शहरांतूनच यावयाच्या. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठीं राखिलेली. त्यांत उलटें असें कांहींच नाहीं. गेटवे तर तेव्हां अस्तित्वांतहि नव्हतें.

आतां बोलावें कीं न बोलावें? चारचौघांत एका मुलीचा हिरमोड करणें आम्हांस प्रशस्त वाटेना. क्षेत्रोपाध्यायाला कोणी पुरावा विचारतो का, असेंहि मनांत आलें. पण येथें कथेमुळें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं असें म्हणण्याची सोय नव्हती. राजाबाईंच्या कथेंत कोणाची जागा हिरावली गेली नव्हती. या कथेंत एक खरा माणूस पुसला जाऊन त्याच्या जागीं एक खोटा उभा करण्यांत येतो, तोहि परका, आणि त्याच्यासाठीं रोज नवीं माणसें हळहळतात. आम्ही घुटमळत आहों असें पाहून दादाच पुढें झाले. "बाळ," ते म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ कांहीं निराळें सांगतो. तूं जरा ऐक."

आम्हीं बाजूला नेऊन सांगितलें. तिचा चेहरा लालबुंद झाला. क्षणभर वाटलें, ही आतां वाद घालणार. ती म्हणाली, "काका, मला शिकवितांना हीच गोष्ट शिकविली. मलाहि एकदां शंका आली होती. पण शेवटीं लोकांना कांहींतरी लागतें, म्हणून पुढें शोध केला नाहीं." मग तिनें पिशवींतून एक पत्रक काढलें आणि दादांपुढें धरलें. दादांनीं आपल्या कचेरींतील वळणदार अक्षरांत त्याच्या पाठीवर लिहून दिलें: रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. खालीं रेघ ओढली. मुकुंद रामचंद्र यांचेंहि नांव आम्हीं त्याखालीं घालविलें, आणि त्या नांवांत दगड फोडणारे व वाहणारे बसत नाहींत हें दादांना सुचून त्यांनीं पुढें 'आणि कामाठी' असे दोन शब्द जोडले. कामाठीपुरा ज्यांच्या नांवानें वसला त्या तेलगू मजुरांवांचून ही मुंबई उभी राहिली नसती, हें त्यांना कसें आठवलें कोण जाणे.

तिनें ध्वनिवर्धक पुन्हां सुरू केला आणि मंडळींना परत बोलाविलें. निम्मी मंडळी गेटवेपाशीं चित्रें काढावयास गेलीं होती, तीं आलींच नाहींत. उरलेल्यांना तिनें स्वच्छ सांगितलें, कीं मघांची गोष्ट बरोबर नव्हती, बरोबर अशी आहे. आमच्या मतें त्या सकाळचें सर्वांत चांगलें भाषण तें. एक गृहस्थ मात्र निघतां निघतां आपल्या पत्नीस म्हणाले, "पण पहिली गोष्ट जास्त चांगली होती."

वाचकभगिनींपैकीं कोणी अशा फेरीस जाणार असतील तर दोन व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. पावसाळा सरल्यावरच जावें. वडील मंडळी बरोबर असल्यास पाण्याची बाटली, टोपी आणि गूळपापडीचे दोन-चार तुकडे ठेवावे, कारण अडीच तासांत बसावयास जागा मिळेल ती फुटपाथच्या कडेची. आणि मुलांना अवश्य न्यावें. तीं प्रश्न विचारितात.

पुढच्या रविवारीं दादा स्वतःहून म्हणाले, "बोरीबंदर पाहावयाचें राहिलें." आम्ही दोघेच गेलों. १८७८ सालीं सुरू झालेलें आणि दहा वर्षें चाललेलें तें काम. नक्षीचा पुष्कळ भाग जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं केलेला. दर्शनी भिंतीवरील चेहऱ्यांत नाना शंकरशेट सांपडले. दाराशीं एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. सीताराम खंडेराव यांचें नांव बाहेरून तरी कोठें आमच्या दृष्टीस पडलें नाहीं. दादा बराच वेळ मान वर करून उभे होते, आणि लोकलची गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनीं टाळून जात होती. तेवढ्यांत पुतणीचा फोन आला. त्या मुलीनें तिच्याकडे निरोप ठेविला होता: २१ नोव्हेंबरला सकाळीं ती एक फेरी काढणार आहे, मराठींत, तेव्हां हुतात्मा चौकांत आजोबा पांच मिनिटें बोलतील काय?

दादांनीं रस्त्यांतच होकार दिला. घरीं जातांना ते एका दुकानांत शिरले आणि नवे बूट घेऊन बाहेर आले. किंमत जरा जास्तच पडली, पण त्यांना नाड्या नाहींत.